काढून टाकलेला धडा

'सुगम'च्या कचेरीत रोज सकाळी काटे काढायचं काम चाले. काटा म्हणजे धड्यातली अशी जागा, जिथे शिकणाऱ्याच्या कपाळावरची पट्टी लाल होते. नागपुरातल्या त्या काचेच्या इमारतीत शिकलीसवरलेली माणसं गोल टेबलाभोवती बसत, समोरच्या भिंतीवर आदल्या दिवसाचे धडे उमटत, आणि लाल जागा दिसली की जो तो ती कशी बुजवायची यावर आपली अक्कल पाजळे. कुणी म्हणे उदाहरण बदला, कुणी म्हणे मागे संगीत घाला, कुणी म्हणे हा प्रश्न विचारायचाच कशाला. बहुतेक वेळा प्रश्नच जाई. प्रश्न काढला की लाल हमखास जातं, हा शोध लावायला कुणाला फार डोकं लागलं नव्हतं.

मंजूषा तिजारे टेबलाच्या दाराकडच्या टोकाला बसे आणि मनातल्या मनात सगळ्यांना नापास करी. उमेदीची सगळी वर्षं तिने तंत्रनिकेतनात शिकवण्यात घालवली होती. ते बंद पडलं तेव्हा 'सुगम'ने तिला ऑनलाइन अभ्यासक्रमांची रचना करायला घेतलं. इथे शिकणाऱ्याला विद्यार्थी म्हणायची बंदी होती, तो 'प्रवासी'. धड्याला 'टप्पा' म्हणायचं, परीक्षेला 'उत्सव'. नापास हा शब्द चुकून कुणाच्या तोंडून निघाला, तर कंपनीचा मालक अर्चित सालपेकर याचा चेहरा शेजारी जेवताना कुणी शिंकावं तसा होई. आपल्याला कुणी कधी काही शिकवल्याचं अर्चितला आठवत नव्हतं, आणि बहुधा म्हणूनच शिक्षण या विषयावर त्याची सगळी मतं इतकी ठाम होती.

त्याच्या हाती लागलेलं यंत्र मात्र खरोखरच चांगलं होतं. उमजपट्टी ही कपाळाला लावायची बोटभर रुंदीची पट्टी. तिच्यातून निघणारा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कातडी आणि हाड ओलांडून मेंदूच्या पुढच्या भागापर्यंत पोचतो आणि परत येतो. परत आलेल्या प्रकाशावरून तिथे रक्त किती धावतंय ते कळतं, आणि रक्तावरून मेंदू किती झटतोय ते. जोडीला नाडी आणि घाम. मेंदूची ती झटापट एकदम सैल पडते, माणूस मनात 'असं आहे होय' म्हणतो, तो क्षण पट्टी नेमका पकडायची आणि हिरवी व्हायची. झटापट लांबली की लाल. आणि हे सगळं धडा स्वतः वाचत असे. प्रवासी अडखळला की तो जागच्या जागी शब्द सोपे करी, वेग कमी करी, त्याच्याच गावच्या बाजाराचं उदाहरण देई. हिरवं होईपर्यंत तो कुणाला सोडत नसे.

पट्टी खोटं बोलत नव्हती, हीच खरी अडचण होती. समजल्यासारखं वाटणं ती अचूक मोजत होती. पण समजल्यासारखं वाटणं आणि येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तापलेल्या उलट्या मडक्यावर पातळ लांबरोटी भाजणाऱ्या बाईकडे बघत बसलं की वाटतं, यात काय आहे. स्वतःच्या हातात ती सैल कणीक घेतली की कोपरापर्यंत ओघळते. मेंदू सोपेपणालाच ज्ञान समजतो. आणि आठवण तर डोक्यात घातल्याने पक्की होतच नाही, ती ओढून बाहेर काढल्याने होते. ओढताना जितकं अडतं, तितकी ती पुढच्या वेळी चटकन हाताशी येते. म्हणजे 'सुगम' ज्याला काटा म्हणून उपटत होती, तेच शिकणं होतं.

मंजूषाने हे पहिल्याच महिन्यात बैठकीत सांगितलं होतं. थोडं शिकवा, तिने सांगितलं. उत्तर सांगायच्या आधी विचारा. हाताने करायला लावा, चुकू द्या, चुकलं की का चुकलं ते तिथल्या तिथे सांगा, आणि विसरायला लागले की परत विचारा. यापलीकडे शिकवण्याची विद्या नाही, बाकीचा सगळा रंगरंगोटीचा खर्च. अर्चितने मान तिरपी करून ऐकून घेतलं, मॅडमचं बोलणं फार प्रेरणादायी असल्याचं सांगितलं, आणि डेटा वेगळंच म्हणतोय असं सुचवून पुढचा काटा घेतला. तेव्हापासून मंजूषा बैठकीत फक्त टोमणे मारी. टोमण्यांवर लोक हसत, आणि ती सांगितलेलं काम करून घरी जाई. तुच्छता हाच तिचा राजीनामा होता, फक्त तो ती कुणाच्या हातात देत नव्हती.

घरच्या डायलिसिसचा अभ्यासक्रम हे 'सुगम'चं सगळ्यात मोठं काम. मूत्रपिंडं निकामी झाली की रक्त गाळायचे दोन मार्ग असतात. एक, आठवड्यातून तीनदा केंद्रात जाऊन तासन्‌तास यंत्राला जोडून घ्यायचं. दुसरा, पोटात एक बारीक नळी कायमची बसवून घ्यायची आणि घरच्या घरी दिवसातून चारदा पिशवीतलं पाणी पोटात सोडायचं. पोटाच्या आतलं अस्तरच गाळणीचं काम करतं. काही तासांनी घाण घेतलेलं ते पाणी काढून टाकायचं आणि नवं भरायचं. दुसऱ्या मार्गाने माणूस हिंडाफिरायला मोकळा राहतो. पथ्य एकच, जोडताना नळीचं उघडं टोक कशालाही लागता कामा नये. लागलं आणि तसंच जोडलं, तर जंतू थेट पोटात जातात. पूर्वी हे सगळं नर्स समोर बसवून शिकवायची. आता सरकारी विमा योजनेला पट्टीचं हिरवं प्रमाणपत्र पुरत होतं.

या अभ्यासक्रमात मंजूषाने सुरुवातीला एक धडा घातला होता. सरावाच्या नळीचं टोक मुद्दाम टेबलाला टेकवायला सांगायचं आणि विचारायचं, आता काय कराल? बहुतेक लोक ते स्पिरिटने पुसून जोडून टाकत. मग धडा त्यांना थांबवी आणि सांगे, पुसून चालत नाही. नळी बंद करा, जोडू नका, फोन करा. इथे पट्ट्या अशा लाल होत की कित्येक जण ती काढून टेबलावर ठेवत आणि दोन-दोन दिवस परत येत नसत. सकाळच्या बैठकीत भिंतीवर तो काटा सगळ्यात उंच दिसे. आपण लोकांना चुकायला शिकवतोय का, असं अर्चितने दुखावलेल्या आवाजात विचारलं. नाही, आपण त्यांना मरायला शिकवतोय, चुकायला शिकवलं तर ते थांबेल, असं मंजूषाने ऐकवलं. टेबलाभोवती हशा पिकला. दुपारच्या जेवणाआधी तिने स्वतःच्या हाताने तो धडा काढला आणि त्या जागी एक चलचित्र घातलं. त्यात टोपी घातलेला ढेरपोट्या जंतू नळीवरून घसरून पडायचा. सगळ्या पट्ट्या हिरव्या झाल्या. या लायकीच्या लोकांना याच लायकीचं मिळणार, असं म्हणून तिने डबा उघडला.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास तिच्या धाकट्या भावाची, प्रफुल्लची, दोन्ही मूत्रपिंडं गेली.

प्रफुल्ल वडशाला राहायचा आणि झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवायचा. दिवाळी झाली की पूर्व विदर्भातल्या गावागावांत ही नाटकं लागतात ती होळीपर्यंत चालतात. मंडळीबरोबर गाडीतून आज या गावात, उद्या त्या गावात, असं त्याचं निम्मं वर्ष जाई, आणि उरलेलं निम्मं तो या निम्म्याची वाट बघण्यात काढी. केंद्रातलं डायलिसिस म्हणजे आठवड्यातले तीन दिवस खाटेवर, म्हणजे हंगाम संपला. म्हणून त्याने पोटात नळी घालून घेतली. पिशव्या लावायचं काम त्याची बायको योगिता करणार होती, ती त्याच्याबरोबर गावोगाव फिरणार होती. तिने 'सुगम'चा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि हिरव्या प्रमाणपत्राचं चित्र नणंदेला पाठवलं. शेवटी हात जोडल्याची खूण होती.

मंजूषा पुढच्याच रविवारी वडशाला गेली. अभ्यासक्रमात भोक कुठे आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ते तिने स्वतःच पाडलं होतं. तिला ते बुजवायचंच होतं. फक्त योगितालाही ते दिसलं पाहिजे, असं तिला वाटलं.

योगिता खुशीत होती. बैठकीच्या खोलीचा एक कोपरा तिने पडदा लावून वेगळा केला होता, पिशव्या नीट रचल्या होत्या. हात धुण्यापासून मास्क लावण्यापर्यंत सगळं तिने घडाघडा म्हणून दाखवलं. प्रफुल्ल कौतुकाने बघत होता. मंजूषाने सरावाची नळी मागितली, योगिता ती जोडायला गेली तसा तिच्या कोपराला हलका धक्का दिला. टोक टेबलाच्या कडेला लागलं.

"आता?" मंजूषाने विचारलं.

योगिताने स्पिरिटचा कापूस घेतला, टोक नीट, मनापासून पुसलं आणि नळी जोडून टाकली. वर मान करून ती नणंदेकडे बघून हसलीसुद्धा, सगळं जमल्यासारखी.

मंजूषाला हसू फुटलं. ते हसू लबाड नव्हतं, ठरवून केलेलं नव्हतं. इतक्या दिवसांची ती टोपीवाली चित्रं, ते उत्सव, ते प्रवासी, अर्चितची तिरपी मान, सगळं त्या एका पुसण्यात तिला दिसलं आणि ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. हसता हसताच तिने सांगितलं की मारलंस नवऱ्याला, नळी बंद करायची असते, जोडायची नसते, फोन करायचा असतो, आणि तुझ्या त्या हिरव्या प्रमाणपत्रात रोटी गुंडाळून ठेव.

योगिताने नळी खाली ठेवली. मास्क काढून घडी केला. मग ती म्हणाली, "पट्टी तुमच्याच कंपनीची आहे ना, ताई? ती म्हणते मला येते."

"पट्टी म्हणते तुला येतंय असं तुला वाटतं."

"तुम्हालाच सगळं येते. आम्हाला नुसतं वाटते."

मंजूषाने दोन दिवस राहून शिकवायची तयारी दाखवली. योगिता नको म्हणाली, पाहुण्यांना त्रास कशाला, आणि चहा ठेवायला आत गेली. प्रफुल्लने बहिणीला स्टँडवर सोडलं. वाटेत त्याने, शाळेत असताना ताईने गणित शिकवायला घेतलं होतं त्याची आठवण काढली. तिसऱ्या दिवशी आपण वही घेऊन मामाच्या घरी पळालो आणि तिथली पेटी वाजवत बसलो, असं तो म्हणाला. ताई शिकवायची चांगलं, पण चुकलं की हसायची. मंजूषाला यात तक्रार दिसली नाही. उलट आपल्यामुळे एक कलावंत घडला असं तिने त्याला ऐकवलं आणि बसमध्ये चढली.

हंगाम चांगला सुरू झाला. प्रफुल्ल फोनवर नाटकांच्या गमती सांगे. योगिता फोनवर येत नसे, ती कामात असे. सकाळच्या बैठकीत काटे निघत राहिले. संक्रांतीनंतर एकदा प्रफुल्लचा फोन आला नाही, दुसऱ्या दिवशीही आला नाही, आणि तिसऱ्या दिवशी नाटक मंडळीच्या गाडीने त्याला नागपूरच्या इस्पितळात आणलं. अंगात ताप होता, पोट हात लावू देत नव्हतं. नळीतून येणारं पाणी दुधाळ झालेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की पोटाच्या अस्तराला जंतुसंसर्ग झालाय, आणि उशीर झालाय. त्याच संध्याकाळी नळी काढावी लागली. जीव वाचला. अस्तर मात्र खराब झालं होतं, नळी पुन्हा बसेल याची आशा धरू नका, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे यापुढे केंद्र, आठवड्यातून तीनदा. वडशाच्या आसपास केंद्रात जागा नव्हती. नागपुरात होती.

मंजूषा वॉर्डाबाहेरच्या बाकावर योगिताशेजारी जाऊन बसली. तिच्या मनात राग तयार होता, तो कुणावर काढायचा एवढंच ठरायचं होतं. तिने विचारलं, टोक कशाला लागलं होतं का?

"पदराला," योगिता म्हणाली. "खेळाला निघायची घाई होती."

"आणि तू पुसून जोडलंस. पट्टीने शिकवलं तसं."

योगिताने मान हलवली, नाही म्हणून. "जोडलं, पण मला माहीत होतं ताई. नळी बंद करायची, जोडायची नाही, फोन करायचा. तुम्ही त्या दिवशी सांगितलं ते डोक्यातून कधी गेलंच नाही. पिशवी हातात घेतली की रोज आठवे."

"मग?"

"फोन कोणाला करायचा होता? इस्पितळात केला तर म्हणतील हिला जमत नाही, घरचं बंद करा. यांचा हंगाम जाते. राहिल्या तुम्ही." ती पदराच्या टोकाकडे बघत होती. "तुम्ही हसल्या असत्या."

मंजूषाचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं होतं. चूक करू द्या, का चुकलं ते लगेच सांगा, मग माणूस ते विसरत नाही. योगिता विसरली नव्हती. एका रविवारी, एका धक्क्यात, मंजूषाने तिला जे शिकवलं ते पट्टीला वर्षभरात जमलं नसतं. आणि त्याच वेळी तिने फोनही कापून ठेवला होता. अर्चितने लोकांना काही येऊ दिलं नाही, आणि जिला आलं तिला मंजूषाने विचारू दिलं नाही. दोघांचा हिशोब प्रफुल्लच्या पोटात एक झाला. स्वतःबद्दल असं काही वाटायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ते फार वाईट वाटलं.

प्रफुल्ल आणि योगिता तिच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मंडळीने दुसरा ऑर्गनवाला घेतला, घ्यावाच लागला. प्रफुल्ल केंद्रातून आला की झोपून राही, आणि उठला की गप्प बसे. योगिता स्वयंपाक करी आणि नणंदेशी कामापुरतं बोले.

मंजूषाने कचेरीत तो धडा परत घालायची मागणी केली. अर्चितने लाल काट्याचं चित्र काढून दाखवलं आणि नकार दिला. पण थोड्याच दिवसांत आरोग्य खात्यातल्या एक डॉक्टर बाई येऊन बसल्या. घरच्या डायलिसिसच्या रोग्यांमध्ये पोटाचा संसर्ग वाढतोय, आणि सगळ्यांकडे हिरवी प्रमाणपत्रं आहेत, हे कसं, एवढंच त्यांनी विचारलं. अर्चितचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बैठकीत जाहीर केलं की चुकणं हाच शिकण्याचा आत्मा आहे, हे त्याला रात्री अचानक उमगलं. काढून टाकलेला धडा 'धैर्यटप्पा' या नावाने परत आला, आणि त्याच्यावर अर्चितने एका मोठ्या सभेत भाषण केलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मंजूषाने एकही टोमणा मारला नाही, मेहनत वाया घालवायची नाही म्हणून. तिने फक्त एक अट घातली की धड्याच्या शेवटी माणसाचा फोन नंबर हवा. माणूस परवडणार नाही, असं अर्चित म्हणाला. तेव्हा तिने स्वतःचा नंबर घातला.

आणि तरीही लोक पट्ट्या काढून पळत होते. टोक टेबलाला लावण्याच्या जागी नव्हे, त्याच्या पुढे. मंजूषाने तो भाग पुन्हा पुन्हा बघितला. तिथे एकच वाक्य होतं, तिनेच लिहिलेलं आणि तिच्याच आवाजातलं. 'चूक. हे पुसून चालत नाही, आधी सांगितलं होतं.' वाक्य बरोबर होतं, छोटं होतं. यावर पळून जाणारी माणसं किती नाजूक असतील, असं तिच्या मनात आलं, आणि मग बाकावरची योगिता आठवली.

ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. योगिता भाजी चिरत होती. मंजूषाने तिला काही न सांगता ते वाक्य ऐकवलं.

योगिताचा हात थांबला. "हे तर तुम्ही हसूनच राहिल्या आहा," ती म्हणाली.

"मी कुठे हसले यात?"

"ऐकू येते."

मंजूषाने पुन्हा ऐकलं. तिला ऐकू आलं नाही. मग तिने ओट्याजवळचं स्टूल ओढलं, बसली आणि आयुष्यात पहिल्यांदाच एक प्रश्न, उत्तर माहीत नसताना, विचारला. त्या दिवशी वडशाला मी काय म्हणायला हवं होतं?

योगिता भाजी चिरत, वर न बघता म्हणाली, "फार काही नाही. असं सगळ्यांचं होते, म्हणायचं. नळी बंद कर, म्हणायचं. आणि फोन कर, मी आहे."

"बस?"

"तेवढंच म्हणायचं होतं, ताई."

मंजूषाने ते वाक्य तसंच घेतलं. आवाज मात्र स्वतःचा ठेवला नाही, योगिताला बोलायला लावलं. योगिता आधी नाही म्हणाली, मग डोक्यावर पदर घेऊन, जणू समोर कुणी बसलंय अशी, एका दमात बोलली. लाल काटा गेला नाही, तो जायला नकोच होता. पण त्याच्यानंतर पट्टी काढून ठेवणारे कमी झाले. अर्चितने या आवाजाच्या मालकिणीला पुढच्या सभेत व्यासपीठावर बोलवायचं ठरवलं. योगिताने त्याला भाजीवाल्याला सांगावं तशा सुरात नको म्हणून सांगितलं.

फोन यायला लागले. मंजूषा ते घेई आणि ठेवल्यावर कपाळाला हात लावी. एकीने विचारलं, मास्क लावून चहा कसा प्यायचा. एकाने विचारलं, पिशवी रिकामी झाली की धुऊन दूध आणायला वापरली तर चालते का. आपल्या देशाचं काय होणार हा प्रश्न मंजूषाला आधीपासूनच पडलेला होता, आता पुरावे घरपोच मिळू लागले.

एका दुपारी तिघं जेवायला बसली होती. प्रफुल्ल केंद्रातून नुकताच आलेला, ताटातला भात नुसता चिवडत होता. फोन वाजला. वाशिमकडचा एक माणूस होता, आवाज खाली घेऊन बोलत होता, जणू घरात कुणाला कळू नये. आईची पिशवी लावताना नळीचं टोक गादीवर पडलं. तसं काही झालेलं नाही, तो म्हणाला, गादी स्वच्छच आहे, कालच उन्हात घातली होती. त्याने टोक आधी पाण्याने धुतलं, मग स्पिरिटने पुसलं, मग देवासमोरचा धूप त्याच्याभोवती फिरवला. आता जोडतच होता, तेवढ्यात त्या धड्यातल्या बाई आठवल्या, म्हणून उगाच फोन केला. जोडू ना?

धूप, मंजूषाच्या मनात आलं. गाढवा, धूप. तिच्या घशात काहीतरी वर यायला लागलं, ओळखीचं, मोठं, बरं वाटणारं. समोर योगिता वाढता वाढता थांबली होती, पळीतलं वरण तसंच धरून, आणि तिच्या तोंडाकडे बघत होती.

"फोन केलात ते फार बरं केलंत," मंजूषा म्हणाली. "असं सगळ्यांचं होतं. जोडू नका. नळी बंद करा. केली? आता इस्पितळातल्या नर्सला फोन लावायचा, मी सांगते काय बोलायचं ते. घरचं बंद करणार नाहीत, मी बोलते त्यांच्याशी. मी आहे इथे."

पलीकडे त्या माणसाने श्वास सोडलेला सगळ्यांना ऐकू आला. तो रडतोय की काय असं वाटलं. मंजूषाने त्याला पुढचं सगळं दोनदा म्हणून दाखवायला लावलं, दुसऱ्या वेळी अडला तिथे सांगितलं नाही, त्याचं त्याला आठवू दिलं. नर्सचा फोन लागेपर्यंत ती थांबली. मग फोन ठेवून ती पाणी प्यायली.

प्रफुल्ल आता भात खात होता. योगिताने वरण वाढलं, नणंदेच्या ताटातही वाढलं.

"हसू आलं होतं ना तुम्हाला?" तिने विचारलं.

"आलं होतं," मंजूषा म्हणाली.

"त्याला कळलं नाही," योगिता म्हणाली. "वडशाला मला कळलं होतं."